नऊ मिलिमीटर ‘वन-ए’ पिस्तूल: आधी मॅगझिन, मग पिस्तूल

प्रश्नात तीन गोष्टी विचारल्या आहेत. भारतीय सैन्याचं ‘पिस्तूल ऑटो ९ मिमी वन-ए’ म्हणजे ब्राउनिंग हाय-पॉवर हे मूळचं बेल्जियन पिस्तूलच का? मॅगझिन (काडतुसांची पेटी) बाहेर काढलं की त्याचा चाप निकामी का होतो? आणि रचना एवढी जुनी असून ते इतकी दशकं सेवेत कसं राहिलं, बिघडतं तेव्हा नेमकं कुठे?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. होय, ती हाय-पॉवरच आहे. त्यातही कॅनडातल्या इंग्लिस कारखान्यात दुसऱ्या महायुद्धात बनलेल्या हाय-पॉवरचा नमुना समोर ठेवून पश्चिम बंगालमधल्या ईशापूर रायफल फॅक्टरीत ती तयार झाली. उरलेल्या दोन प्रश्नांसाठी मात्र मॅगझिनपासून सुरुवात करावी लागते, कारण या पिस्तुलात आधी मॅगझिन ठरलं आणि मग त्याच्याभोवती बाकीचं यंत्र बसवलं गेलं.

पहिलं महायुद्ध संपल्यावर फ्रेंच सैन्याला नवं पिस्तूल हवं होतं. मागणीत किमान दहा गोळ्या, बाहेरून दिसणारा हॅमर (घोडा), उघडायला सोपी रचना आणि मॅगझिन काढल्यावर गोळी सुटू नये अशी सुरक्षा, एवढं सगळं होतं. बेल्जियममधल्या लिएजजवळच्या एर्स्तालच्या एफएन या शस्त्र-कारखान्याने हे काम अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन मोझेस ब्राउनिंग यांच्याकडे नेलं. त्यांच्या मते लष्करी पिस्तुलाला एवढ्या गोळ्यांची गरज नव्हती. तेव्हा एफएनमधले तरुण अभियंते द्यूदोने सेव्ह यांनी ब्राउनिंग यांच्याच १९०३ च्या पिस्तुलात फेरफार करून पंधरा गोळ्यांचं मॅगझिन बसवून दाखवलं. त्यात काडतुसं दोन रांगांत एकमेकांच्या खाचेत बसतात, पण वर ओठांपाशी रांग एकच होते. त्यामुळे डावीकडचं काडतूस असो वा उजवीकडचं, चेंबरकडे, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या कप्प्याकडे, जाताना ते मधोमध आणि एकाच कोनात निघतं.

दोन रांगांचं मॅगझिन पहिल्यांदा हाय-पॉवरमध्येच आलं, असं सर्रास लिहिलं जातं. ते बरोबर नाही. अमेरिकेच्या सॅव्हेज १९०७ पिस्तुलात .३२ बोअरच्या दहा गोळ्या अशाच बसत. नऊ मिलिमीटरच्या पूर्ण ताकदीच्या लष्करी काडतुसासाठी ही कल्पना भरवशाची करून दाखवणं आणि तरीही मूठ हातात मावेल एवढी ठेवणं, हे सेव्ह यांचं श्रेय आहे, आणि माझ्या मते तेच जास्त मोठं आहे.

ब्राउनिंग यांनी जून १९२३ मध्ये अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज केला आणि ते २२ फेब्रुवारी १९२७ रोजी मिळालं. तोवर ते हयात नव्हते. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी बेल्जियममध्येच त्यांचं निधन झालं होतं. त्यांच्या नमुन्यात आजचा हॅमर नव्हता, काडतुसाच्या बुडावर आघात करणारी फायरिंग पिन आतल्या स्ट्रायकरने, म्हणजे स्प्रिंगवर ताणलेल्या दांडीने, चालायची. अमेरिकेच्या कोल्ट कंपनीकडे असलेली, ब्राउनिंग यांच्याच ‘१९११’ नावाच्या पिस्तुलाची पेटंटं १९२८ च्या सुमारास संपली आणि सेव्ह यांना हात मोकळे मिळाले. त्यांनी हॅमर बाहेर आणला, उघडण्याची पद्धत सोपी केली, मूठ आखूड करून गोळ्या तेरावर आणल्या. १९३५ मध्ये बेल्जियमच्या सैन्याने हे पिस्तूल स्वीकारलं. ज्यांच्या मागणीतून ते जन्मलं त्या फ्रेंचांनी मात्र स्वतःकडचं दुसरंच पिस्तूल घेतलं. त्यांनी घातलेली मॅगझिन-सुरक्षेची अट तेवढी या पिस्तुलाला कायमची चिकटली.

आता चापाकडे वळू. १९११ पिस्तुलात चापाला जोडलेली पट्टी मॅगझिनच्या दोन्ही बाजूंनी मागे जाते आणि सिअरला, म्हणजे ताणलेला हॅमर अडवून धरणाऱ्या खिट्टीला, ढकलते. मॅगझिन एका रांगेचं असतं तेव्हा ही पट्टी मावते. दोन रांगांच्या जाड मॅगझिनभोवती तीच पट्टी नेली असती तर मूठ आणखी फुगली असती. सेव्ह यांनी वाट वरून काढली. चाप ओढला की त्याच्यामागची छोटी उभी दांडी वर जाते. ती स्लाइडमध्ये (पिस्तुलाच्या वरच्या, मागेपुढे सरकणाऱ्या भागात) बसवलेल्या आडव्या तरफेचं पुढचं टोक उचलते, तरफेचं मागचं टोक खाली येतं, सिअर दाबला जातो आणि हॅमर सुटतो. गोळी सुटल्यावर स्लाइड मागे जाते तेव्हा तरफही तिच्याबरोबर जाते, म्हणजे उभ्या दांडीपासून तुटते. चाप दाबलेलाच असला तरी पुढची गोळी आपोआप सुटत नाही, कारण चाप सोडून पुन्हा ओढल्याशिवाय दांडी तरफेखाली येतच नाही. हा दुवा तोडणारा वेगळा भाग, म्हणजे डिस्कनेक्टर, लागत नाही, एकाच भागात दोन कामं होतात.

याची किंमत चापाच्या ओढीत मोजावी लागते. चापापासून सिअरपर्यंत सांधे जास्त, म्हणून ढिलाई जास्त. त्यात मॅगझिन-सुरक्षेची भर पडते. चापाच्या मागे एक छोटा प्लंजर (स्प्रिंगवरचा खुंट) असतो आणि तो मॅगझिनच्या पुढच्या पत्र्यावर टेकतो. मॅगझिन आत असेल तर प्लंजर दाबलेला राहतो आणि उभी दांडी तरफेच्या बरोबर खाली येते. मॅगझिन काढलं की प्लंजर सुटतो, दांडी पुढे कलते आणि वर गेली तरी तरफेला भेटत नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं यांत्रिक उत्तर एवढंच आहे. पण मॅगझिन आत असताना चाप ओढला की तोच प्लंजर पत्र्यावरून घासत सरकतो. हाय-पॉवरचा चाप खरखरीत लागतो, जड लागतो, ही तक्रार जगभर आहे आणि तिचं मोठं कारण हे घर्षण आहे. मॅगझिनच्या पुढच्या भागावर गंज, ओरखडा किंवा पोचा असेल तर चाप आणखी बिघडल्यासारखा वाटतो, आणि लोक चूक पिस्तुलात शोधत बसतात. आधी दुसरं, गुळगुळीत मॅगझिन घालून पाहावं. त्या घर्षणामुळेच बटण दाबल्यावर मॅगझिन स्वतःच्या वजनाने सहसा पडत नाही, हाताने ओढावं लागतं. नंतर एफएनने तळाशी उंदराच्या सापळ्यासारखी स्प्रिंग लावलेली मॅगझिनं काढली, ती बाहेर उसळतात.

ही सुरक्षा काढून टाकली की चाप हलका होतो, म्हणून पिस्तुलं खाजगी मालकीत असतात अशा देशांत अनेक जण ती काढतात. सेवेतल्या हत्याराला तो उद्योग करू नये. ज्याला प्रशिक्षणात ‘मॅगझिन बाहेर म्हणजे चाप बंद’ असं शिकवलं आहे, त्याच्या हातात तशी वागणूक नसलेलं पिस्तूल देणं धोक्याचं आहे. आणि उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची. मॅगझिन-सुरक्षा म्हणजे चेंबर रिकामा असल्याची खात्री नव्हे. काडतूस आत असू शकतं, आणि मॅगझिन परत घातलं की ते सुटू शकतं.

या रचनेमुळे पिस्तूल रिकामं करण्याची कवायतही वेगळी होते. मॅगझिन काढायचं, स्लाइड मागे खेचून चेंबरमधलं काडतूस बाहेर पाडायचं, स्लाइड मागेच रोखून चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासायचा. मग स्लाइड पुढे सोडली की हॅमर ताणलेला राहतो. तो खाली घ्यायला चाप ओढावा लागतो, आणि चाप चालायला मॅगझिन आत हवं! म्हणून रिकामं मॅगझिन घालून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून हॅमर सोडतात आणि मॅगझिन पुन्हा काढतात. अपघात होतो तो इथे, कारण घाईत रिकाम्याऐवजी भरलेलं मॅगझिन आत जातं आणि कुणी स्लाइड पुन्हा खेचतो. या कामाचं रिकामं मॅगझिन वेगळं, ठळक खूण केलेलं असावं आणि भरलेली मॅगझिनं त्या टेबलावर नसावीत. मला हा या पिस्तुलाचा खरा दोष वाटतो, चापाच्या जडपणापेक्षा मोठा.

नळी आणि स्लाइडचं कुलूप हा या रचनेचा दुसरा मोठा भाग. नळीच्या वरच्या बाजूचे उंचवटे स्लाइडच्या आतल्या खाचांत अडकलेले असतात. गोळी सुटल्यावर दोन्ही काही मिलिमीटर एकत्र मागे जातात. तोवर गोळी नळीबाहेर पडते आणि आतला दाब उतरतो. मग नळीखालच्या लगचा (ठोकळ्याचा) तिरका पृष्ठभाग फ्रेममधल्या (पिस्तुलाच्या खालच्या सांगाड्यातल्या) पक्क्या आडव्या कॅमवर (दांड्यावर) आदळतो, नळीचं मागचं टोक खाली खेचलं जातं, कुलूप सुटतं, नळी थांबते आणि स्लाइड एकटी मागे जात राहते. १९११ पिस्तुलात हेच काम हलत्या कडीने होई. कडी आणि तिची पिन झिजतात, मोडतात. हाय-पॉवरमध्ये ती कडीच नाही. आज जगातली बहुतेक सेवा-पिस्तुलं, सिग असो वा ग्लॉक, नळी खाली झुकवायला कॅमच वापरतात. उंचवट्यांऐवजी त्यांनी चेंबरचा चौकोनी भागच स्लाइडच्या खिडकीत अडकवला, हा फरक पुढच्या पिढीचा.

आकडे असे: लांबी सुमारे २०० मिमी, नळी सुमारे ११८ मिमी, नळीत गोळीला फिरकी देणाऱ्या सहा उजव्या आट्या, रिकामं वजन ९०० ग्रॅमच्या आसपास. काडतूस ९×१९ मिमी, मॅगझिनमध्ये १३.

सेवेचा इतिहास इतका विचित्र क्वचितच कुठल्या पिस्तुलाला लाभला असेल. मे १९४० मध्ये जर्मनांनी बेल्जियम घेतलं, एफएन कारखाना चालू ठेवला आणि ‘पिस्टोल ६४०(ब)’ या नावाने तीन लाखांहून अधिक नग बनवून घेतले. उशिराच्या जर्मन नगांत मॅगझिन-सुरक्षा वगळलेली सापडते. फिनिशिंगही उतरलेलं दिसतं, यंत्राच्या खुणा तशाच राहिलेल्या. दरम्यान सेव्ह निसटून ब्रिटनला पोहोचले. कॅनडाने चीनच्या राष्ट्रवादी सरकारला मदत म्हणून १,८०,००० पिस्तुलं द्यायचं ठरवलं आणि काम टोरांटोच्या जॉन इंग्लिस कंपनीकडे आलं, जी तेव्हा ब्रेन मशीनगन बनवत होती. तिथे नमुन्याच्या पिस्तुलांवरून मापं घेऊन नवे ड्रॉइंग तयार झाले. १९४४ च्या सुरुवातीपासून १९४५ च्या शरद ऋतूपर्यंत सुमारे दीड लाख नग बनले. चिनी नगांवर मागची दृष्टी (नेम धरायची साइट) ५० ते ५०० मीटरपर्यंत सरकवता येणारी होती आणि मुठीमागे खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता बसवायची खाच होती. पाचशे मीटरची ती दृष्टी कागदावरच शोभते. ब्रिटिश-कॅनेडियन नगांना साधी स्थिर दृष्टी दिली आणि तीच बरी. क्रमांकातली ‘सीएच’ अक्षरं चिनी नगाची आणि ‘टी’ हे दुसऱ्या जातीचं चिन्ह.

ब्रिटनने १९५४ मध्ये हेच पिस्तूल प्रमाण केलं आणि एनफिल्डची .३८ रिव्हॉल्व्हर मागे पडली. पुढे एफएनकडून घेतलेल्या नगांना ‘एल९ए१’ हे नाव मिळालं. मे १९८० मध्ये लंडनच्या इराणी दूतावासातल्या कारवाईत एसएएस या ब्रिटिश विशेष दलाच्या जवानांकडे हाय-पॉवर होती. १९८२ च्या फॉकलंड युद्धात दोन्ही बाजूंकडे तीच होती, कारण अर्जेंटिना रोसारियोच्या कारखान्यात परवान्याने ती बनवत असे. ब्रिटनने २०१३ मध्ये ग्लॉक १७ निवडलं. कॅनडाने तर १९४४-४५ चीच इंग्लिस पिस्तुलं २०२२ नंतर बदलायला घेतली. म्हणजे पाऊणशे वर्षांहून अधिक सेवा, आणि तीही युद्धकाळात घाईने बनलेल्या नगांची.

ईशापूरचा दुवा इथे जुळतो. ब्रिटिश-कॅनेडियन घराण्यातली शस्त्रं भारतीय सैन्याच्या परिचयाची होती. सैन्याची कार्बाइन (आखूड स्वयंचलित बंदूक) हीही नऊ मिलिमीटरची, ब्रिटिश स्टर्लिंगच्या नमुन्याची, कानपूरला बनलेली. पिस्तूल आणि कार्बाइनला एकच काडतूस हा पुरवठ्याच्या दृष्टीने मोठा फायदा होता. पुण्याजवळच्या खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत, जी १८६९ पासून चालू आहे, या बोअरचं काडतूस बनत आलं. पुंगळीच्या बुडावरची ‘केएफ’ ही अक्षरं तिचीच. आणखी एक योगायोग सांगण्यासारखा आहे. सेव्ह यांनीच नंतर एफएनची ‘फाल’ रायफल रचली, आणि तिच्यावरून घेतलेली ‘वन-ए-वन’ सेल्फ-लोडिंग रायफलही ईशापूरलाच बनली. एकाच अभियंत्याची दोन अपत्यं, एकाच कारखान्यात.

परवान्यावर हे पिस्तूल मिळत नाही. भारतात ९×१९ हे निषिद्ध बोअर आहे. सर्वसाधारण परवानाधारकाला .३२ वगैरे बोअरवरच थांबावं लागतं.

आता बिघाडांबद्दल. वन-ए किंवा कुठलीही जुनी हाय-पॉवर गोळी नीट भरत नसेल तर दहातल्या बहुतेक वेळा दोष मॅगझिनमध्ये निघतो. ओठ किंचित फाकले की काडतूस जास्त वर उठतं आणि त्याचं नाक चेंबरच्या वरच्या कडेला धडकतं. स्प्रिंग थकली की शेवटची दोन-तीन काडतुसं वेळेवर वर येत नाहीत, स्लाइड त्यांच्यावरून निघून जाते, किंवा मॅगझिन संपल्यावरही स्लाइड मागे अडकत नाही. तपासायचं तर मॅगझिनांना क्रमांक घालावेत आणि कुठल्या मॅगझिनने अडकवलं याची नोंद ठेवावी. तोच क्रमांक पुन्हा आला तर ते मॅगझिन बाजूला काढावं. ओठ पकडीने वाकवून ‘दुरुस्त’ केलेलं मॅगझिन सेवेत ठेवू नये. ते दोन दिवस चालतं आणि नको त्या वेळी दगा देतं. मॅगझिन बराच काळ भरून ठेवायचं असेल तर तेराऐवजी बारा भरण्याची सवय चांगली. स्लाइड पुढे असताना पूर्ण भरलेलं मॅगझिन बसवायला फार जोर लागतो आणि ते अर्धवट अडकलेलं राहू शकतं.

पुढचा संशयित एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे चेंबरमधली पुंगळी ओढून काढणारा आकडा. इंग्लिस नमुन्यात आणि १९६२ पूर्वीच्या बेल्जियन नगांत तो स्लाइडच्या आत बसणारी लांब पोलादी पट्टी असतो आणि तिचा स्वतःचा ताण हीच स्प्रिंग. ताण गेला की पुंगळी चेंबरमध्येच राहते किंवा बाहेर पडताना खिडकीत उभी अडकते. स्लाइड काढून ब्रीचच्या तोंडावर (काडतुसाचं बूड टेकतं तिथे) एक डमी काडतूस एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली सरकवावं. स्लाइड हलकेच हलवल्यावर ते पडलं तर ताण कमी आहे. आकड्याखाली बारूदाची काजळी साचूनही हेच लक्षण दिसतं, म्हणून आधी स्वच्छता आणि मग बदल. एफएनने १९६२ पासून बाहेरचा, पिनवर फिरणारा आणि वेगळ्या स्प्रिंगचा एक्स्ट्रॅक्टर दिला तो याच कारणाने, आणि ती सुधारणा नि:संशय चांगली होती.

गोळीचं नाक टोकदार-गोल आणि पूर्ण धातूच्या आवरणाचं असेल तर जुन्या नळीचा फीड रॅम्प (काडतूस चेंबरमध्ये चढवणारा उतार) काहीच कुरकुर करत नाही. त्या रॅम्पला मध्ये किंचित उंचवटा असतो आणि सपाट किंवा पोकळ तोंडाची गोळी तिथे अडखळते. लष्करी काडतुसासाठी ही अडचण नाही, त्यामुळे रॅम्प घासण्याच्या फंदात पडू नये. घासताना चेंबरचा खालचा आधार कमी झाला तर पुंगळी तिथे फुगते, फाटते. सरळ रॅम्प नंतरच्या बेल्जियन नगांत आला.

रिकॉइल स्प्रिंगकडे (मागे गेलेली स्लाइड पुढे आणणाऱ्या स्प्रिंगकडे) लोक सर्वात उशिरा लक्ष देतात आणि सर्वात महाग नुकसान तिथेच होतं. ब्रिटिश परंपरेतलं ‘टू-झेड’ काडतूस सबमशीनगनही चालावी अशा ताकदीचं होतं. स्प्रिंग थकलेली असताना अशा काडतुसांनी स्लाइड फ्रेमवर जोरात आदळते, कुलुपाच्या उंचवट्यांच्या कडा चेपतात, नळीखालच्या लगला आणि फ्रेममधल्या कॅमला मार बसतो. साधारण तीन ते पाच हजार गोळ्यांनी स्प्रिंग बदलणं हा या सगळ्यावरचा सर्वात स्वस्त उपाय आहे. चिन्हं ओळखायची तर पुंगळ्या नेहमीपेक्षा खूप लांब उडतात, आणि नळीच्या उंचवट्यांच्या कडा धारदार न दिसता गोल, लोळलेल्या दिसतात. स्लाइडच्या आतल्या खाचांच्या कोपऱ्यांत आणि नळीखालच्या लगच्या मुळाशी केसाएवढी भेग आहे का, हे चांगल्या उजेडात भिंगाने पाहावं. भेग दिसली की तो भाग बाद. वेल्डिंग करून चालवायचा विचारही करू नये.

उघडण्याची रीत सोपी आहे. मॅगझिन काढा, चेंबर तपासा, दोनदा तपासा. स्लाइड मागे खेचून सेफ्टीची दांडी स्लाइडच्या पुढच्या खाचेत वर अडकवा. उजव्या बाजूने स्लाइड-स्टॉपची (स्लाइड मागे रोखणाऱ्या खिट्टीची) पिन आत दाबा आणि डावीकडून बाहेर ओढा. आता स्लाइड घट्ट धरून सेफ्टी खाली करा आणि स्लाइड पुढे सरकवून काढा. ताणलेली स्प्रिंग हातून निसटू नये म्हणून धरायचं. खालून स्प्रिंग-गाइड उचला, मग नळी. जोडताना एक गोष्ट बहुतेकांची चुकते. गाइडच्या डोक्यातलं भोक फ्रेमच्या भोकासमोर नसेल तर स्लाइड-स्टॉप अर्धा जातो आणि थांबतो. हातोडी घेऊ नका. स्लाइड एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे केली की पिन स्वतःहून बसते. जोडल्यावर रिकाम्या मॅगझिनने चाप, मग मॅगझिनशिवाय चाप, मग सेफ्टी लावून चाप, अशा तीन चाचण्या करायच्या. मॅगझिनशिवाय हॅमर पडला तर मॅगझिन-सुरक्षा काम करत नाही आणि पिस्तूल आर्मररकडे (शस्त्र दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे) गेलं पाहिजे.

जुन्या नगांची सेफ्टीची दांडी लहान आणि बोटाला सापडायला कठीण असते. एफएनने ती मार्क दोन या आवृत्तीपासून, १९८० च्या दशकात, मोठी आणि दोन्ही बाजूंना केली. मार्क तीनमध्ये चाप ओढेपर्यंत फायरिंग पिन अडवून ठेवणारा ब्लॉक आला. तो जुन्या नगांत नाही, म्हणून काडतूस चेंबरमध्ये ठेवून पिस्तूल नळीवर पडणं जुन्या नगात जास्त जोखमीचं. अनेक सैन्यांनी चेंबर रिकामा ठेवूनच ते बाळगायची शिस्त लावली, ती शहाणपणाची होती. मोठ्या हातांच्या माणसांना हॅमरचं टोक आणि फ्रेमची शेपटी यांत अंगठ्याजवळची कातडी चिमटल्याचा अनुभव येतो. पकड किंचित खाली घेणं हा त्यावरचा सेवेतला एकमेव उपाय.

सुट्या भागांबद्दल शेवटचं. एफएन, इंग्लिस आणि ईशापूर यांचे मॅगझिन आणि बरेचसे लहान भाग एकमेकांना चालतात, पण नळी, स्लाइड-स्टॉप आणि सिअर बदलताना जुळणी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. मापं वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या देशांत घेतली गेली आहेत. एफएनने जुन्या हाय-पॉवरचं उत्पादन २०१७ च्या आसपास थांबवलं आणि २०२२ मध्ये त्याच नावाने नवं पिस्तूल काढलं. ते दिसायला जवळचं, आतून वेगळं. त्यात मॅगझिन-सुरक्षा नाही, गोळ्या सतरा, आणि त्याचे भाग किंवा मॅगझिन जुन्या पिस्तुलात बसत नाहीत. नावावरून मागवून फसू नका.